सुतारकाम न करणारी सुतार मुंगी

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज मुंगळ्यावर बोलायचंय. काळा, मोठा, गुळाच्या ढेपेवर हमखास सापडणारा मुंगळा. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला त्याला डोंगळा म्हणतात. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना लहानपणी तो कुठेतरी अवघड जागी चावलेला असणार, त्यामुळे ओळख करून द्यायची तशी गरज नाही.

पण मी ओळखायला चुकलो. म्हणजे नाव बरोबर ओळखलं आणि प्राणी चुकलो. त्या चुकीत आमचं बोरीचं झाड गेलं आणि आजी जवळजवळ वर्षभर पोकळ तुळईखाली झोपली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा. मी पुण्यात, ऑफिसच्या कॉलवर. बाबांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. आमचं गावचं घर आजोबांनी बांधलेलं आहे, दगडमातीच्या भिंती, वर कौलं, मध्ये सागवानी तुळया. त्यातल्या एका तुळईवरून डोंगळ्यांची रांग चाललेली. खाली बाबांचा मेसेज: "यंदा लईच झालेत. काय करायचं?"

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. फोटो ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. दोन सेकंदात उत्तर: कॅम्पोनोटस. कारपेंटर अँट. सुतार मुंगी.

आता सागवानी तुळईवर 'सुतार मुंगी' चालताना दिसल्यावर माणसाचं काय होणार? मी सर्च केलं. पहिली दहाच्या दहा पानं एकच सांगत होती. सुतार मुंग्या लाकूड पोखरतात, आत बोगदे करतात, घराचा सांगाडा कमजोर करतात, लाकडाचा भुसा खाली पडलेला दिसला तर लगेच माणूस बोलवा, घराला टेकलेल्या झाडाच्या फांद्या तोडा.

मी बाबांना फोन लावला. "बाबा, तुळईखाली भुसा पडतोय का बघा."

बाबा म्हणाले, "पडतोय की थोडा."

हे आत्ता बोलताना मला लाज वाटते. कौलारू घरात वरून नेहमीच काहीतरी पडत असतं. माती, उंदराची घाण, जुन्या वाशांचा चुरा. मी 'काय पडतंय' असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, 'भुसा पडतोय का'. सपोर्टमध्ये काम केलेल्यांना हे माहीत असतं. युजरला "स्क्रीन हँग होते का" असं विचारलं की तो "हो, होते" म्हणतोच.

आजी मागून ओरडत होती, ते फोनवर ऐकू येत होतं. "आरं डोंगळं हायती ती! माझ्या लग्नापास्नं हितंच हायती. लाकूड खानारी असती तर घर आतापतूर उभं ऱ्हायलं असतं व्हय?"

मी म्हणालो, "आजी, तुला नाही कळायचं, ही वेगळी जात आहे."

मग पेस्ट कंट्रोलवाला आला. त्याला मी फोनवरच 'सुतार मुंगी' म्हणून सांगून टाकलं होतं, त्यामुळे तोही म्हणाला, हो हो, हे लाकडातच असतात. फवारलं, सहा हजार घेतले, गेला. त्याने तुळईवर साधी टिचकीसुद्धा मारली नाही. आणि परसातली बोर, जिच्या बुंध्याशी डोंगळ्यांची बिळं होती आणि जिची एक फांदी कौलांना टेकली होती, ती चुलतभावाने अर्ध्या दिवसात तोडली. फांदी नाही, अख्खी बोर. मीच म्हणालो होतो की मुळापासून विषय संपवा. आजी त्या बोरीची बोरं दर हिवाळ्यात वाळवून डब्यात भरायची. ती काही बोलली नाही. दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाही, एवढंच.

आता डोंगळ्याकडे येतो, कारण चूक समजायला तो समजावा लागतो.

शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. यातलं पहिलं नाव आडनावासारखं आहे आणि दुसरं त्या जातीचं स्वतःचं. कॅम्पोनोटस या आडनावाच्या जगात हजाराच्या वर जाती आहेत आणि सगळ्यांना मिळून इंग्रजीत 'कारपेंटर अँट' म्हणायची पद्धत आहे. पण पाटील आडनावाच्या प्रत्येकाकडे गावची पाटीलकी नसते. यातल्या बऱ्याच जाती लाकडात घर करतात, बऱ्याच मातीत करतात. आपला डोंगळा मातीतला.

आणि मी जी दहा पानं वाचली, ती प्रामुख्याने एका अमेरिकन बाईबद्दल होती, कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हानिकस. अमेरिकेचा पूर्व भाग आणि कॅनडाचा काही भाग हा तिचा मुलूख. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो, म्हणजे बरोब्बर तिच्या राज्यात. तिथली घरं लाकडी सांगाड्याची. ही मुंगी ओल लागलेलं, मऊ पडलेलं लाकूड शोधते आणि त्यात दालनं कोरते. आतून इतकी गुळगुळीत की पॉलिश पेपर मारलाय असं वाटावं. राणी आणि अंडी असलेलं मुख्य घर ओलसर लाकडात, आणि मोठ्या अळ्या, कोष वगैरे ठेवायला आसपास कोरड्या जागी उपघरं. तीही लाकूड खात नाही बरं का. कोरते आणि भुसा बाहेर टाकते. म्हणून भुशाचा ढीग ही तिची खूण. त्या पानांवरचं सगळं खरं होतं, फक्त ते न्यू जर्सीच्या घराबद्दल होतं.

डोंगळा दिसतो कसा? काळा, पण पूर्ण चकचकीत काळा नाही, जरा धुरकट. पाय कधी कधी तांबूस झाक असलेले. एकाच वारुळातले सगळे एका मापाचे नसतात. लहान कामकरी सेंटीमीटरच्या आतले, मोठे दीड सेंटीमीटरपर्यंत. मोठ्यांचं डोकं अंगाच्या मानाने फारच मोठं, मागून बदामाच्या आकाराचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दोन वेगळ्या जाती आहेत. नाही, सख्ख्या बहिणी. आणि हो, बहिणीच. आपण 'तो मुंगळा' म्हणतो, पण रांगेत चालणारा प्रत्येक मुंगळा बाई असते. नर फक्त उडायच्या काळात दिसतात आणि उडून झालं की मरतात.

ओळखायची एक पक्की खूण सांगतो. बाजूने बघा. डोक्यामागचा जो पाठीचा भाग आहे तो एका सलग कमानीसारखा दिसतो, मध्ये खाच नाही. आणि कमरेला एकच गाठ. फोनचा मॅक्रो मोड चालू केला की आरामात दिसतं.

नांगी नसते. मग इतकं झोंबतं का? आधी जबड्याने धरतो आणि मग पोटाचं टोक पुढे वळवून त्या जागी आम्ल सोडतो. फॉर्मिक आम्ल. त्या आम्लाचं नावच मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलंय. आणि ओढून काढायला गेलं तर धड हातात येतं, डोकं तिथेच. मराठीत गुळाला मुंगळा चिकटला असं म्हणतात ते काही उगाच नाही.

नावाची गंमत ऐका. या जातीला शास्त्रीय नाव १७८७ मध्ये मिळालं. दिलं फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने, लिनियसचा विद्यार्थी. नमुना होता तरंगमबाडीचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं हे गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. कॅम्पोनोटस हे आडनाव पुढे १८६१ मध्ये मायर या ऑस्ट्रियन माणसाने दिलं. आणि आपल्या मुंबई इलाख्यात रॉटन नावाचा इंग्रज वनाधिकारी होता, त्याने १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये 'आपल्या मुंग्या' अशा नावाची लेखमाला लिहिली. इंग्रजीत, पण 'आपल्या'. मला ते आवडलं.

मुलूख म्हणाल तर जवळजवळ अख्खा भारत, शिवाय पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका. शेत, माळ, बाग, सोसायटीचं पार्किंग, रेल्वे स्टेशन. माणसाशेजारी राहायची त्याला अजिबात अडचण नाही.

घर मात्र जमिनीत. बहुतेक वेळा झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या आधाराने. पृष्ठभागावर दिसतं ते एवढंच: एक किंवा अनेक भोकं, भोवती सैल मातीचं कडं. पावसाळ्याच्या आसपास पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात, आपल्या ट्यूबलाइटभोवती गोळा होतात ते त्यातलेच काही. मीलन झालेली राणी पंख गाळते, एखाद्या खबदाडात स्वतःला कोंडून घेते आणि बाहेर न पडता पहिली पिल्लं वाढवते. खाणं कुठून आणते? स्वतःच्या शरीरातून. उडायचे स्नायू आता लागणार नसतात, ते विरघळवून पिल्लांना घालते. पहिल्या कामकरी तयार झाल्या की त्या बाहेर पडतात आणि मग तिचा उपास सुटतो.

मग झाडाच्याच बुंध्याशी का? कारण त्याची गुरं वर झाडावर असतात. मी खरंच गुरं म्हणतोय. बाभळीच्या कोवळ्या फांद्यांवर काट्यासारखे दिसणारे बारके तुडतुडे बसलेले असतात, चवळीवर मावा असतो. हे किडे झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने सोडतात. डोंगळा शिंगांनी त्यांना हलकेच थोपटतो, थेंब पितो आणि बदल्यात त्यांची राखण करतो. बोरीवर निळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, त्याही मुंग्यांना गोड पाजून संरक्षण घेतात. घोसाळ्याचा वेल तर फुलाबाहेरही पानांवर मधाचे ठिपके ठेवतो, तिथेही हा हजर. बाकी मेलेले किडे, सांडलेलं गोड, जे मिळेल ते. लाकूड या मेन्यूत कुठेच नाही.

नुसत्या साखरेवर शरीर कसं चालतं, हा प्रश्न मला पडला होता. तर या आडनावाच्या मुंग्यांच्या आतड्याच्या पेशींत एक बॅक्टेरिया राहतो, ब्लॉकमानिया. १८८०च्या दशकात ब्लॉकमान नावाच्या जर्मन माणसाने तो पाहिला. तो मुंगीला लागणारी अमिनो आम्लं बनवायला मदत करतो आणि आईकडून अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. म्हणजे डाळ पोटातच शिजते, भात तेवढा बाहेरून आणायचा.

असो. परत तुळईकडे.

बोर तोडली, फवारलं, डोंगळे कमी झाले. मी खूश. टिकीट क्लोज. त्या पावसाळ्यात परत दिसले तेव्हा बाबांनी मला सांगितलंच नाही, उगाच कशाला पोराला त्रास.

पुढच्या एप्रिलमध्ये घर शाकारायला घेतलं. कौलं उतरवली तेव्हा गावातला सुतार वर चढला होता. साठीचा माणूस. त्याने प्रत्येक तुळईवर हातोडीचा दांडा मारत मारत आवाज ऐकला. त्या एका तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला आला आणि थांबला. परत मारलं. मग पटाशी लावली. ती ठोकावी लागलीच नाही, नुसती दाबली तर मुठीपर्यंत आत गेली.

आत भुसा नव्हता. आत माती होती. ओली माती, तिच्या पापुद्र्यांमध्ये पांढुरके किडे.

"वाळवी," तो म्हणाला. "दोन-तीन पावसाळं झालं असतील. हिकडनं भिंतीतनं पानी मुरतंय, त्या वाटनं चढलीय."

बाबांनी मला व्हिडिओ कॉल केला. मी बघत होतो आणि माझं लक्ष तुळईकडे नव्हतं. कॅमेरा हलला तेव्हा खाली आजीची खाट दिसली. बरोबर खाली.

त्याच दिवशी टेकू लावला. पुढच्या आठवड्यात तुळई बदलली, एकूण खर्च चाळीस हजारांच्या आसपास गेला. पैशांचं जाऊ दे. जूनमध्येच कुणी टिचकी मारून बघितलं असतं तर टोकाला जोड देऊन भागलं असतं, असं तो सुतार म्हणाला.

मग डोंगळे तुळईवर का होते? मला हे छळत होतं म्हणून मी मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो. रात्री टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून बसायचो, लाल उजेड मुंग्यांना फारसा कळत नाही. उन्हाळ्यात त्यांची खरी वर्दळ रात्रीच. तोडलेल्या बोरीच्या खोडाशी बिळं तशीच होती. रांग तिथून निघायची, पूर्वी फांदीवरून जायची ती आता भिंतीवरून, कौलांखालून आत, नव्या तुळईवरून थेट माळ्यावर. माळ्यावर बाबांनी गुळाच्या ढेपा ठेवलेल्या. पोत्यात. वर्षानुवर्षं. तुळई हा त्यांचा फक्त रस्ता होता. मी हायवेवरच्या ट्रकांना पकडून रस्ता खचल्याचा आरोप करत होतो, आणि रस्ता खालून खचत होता. एकदा तर रांगेतला एक डोंगळा वाळवीचा किडा तोंडात धरून जाताना दिसला. म्हणजे आमच्या घरात वाळवीवर हात टाकणारा तोच एक होता आणि आम्ही त्याच्यावरच फवारा मारला होता.

तुमच्या घरी, विशेषतः गावच्या घरी, लाकूड असेल तर हे लक्षात ठेवा. मातीची नळी भिंतीवरून किंवा चौकटीवरून वर चढताना दिसली तर ती वाळवी. नळी थोडी मोडा, आत पांढरट किडे दिसतील. लाकडात अगदी गोल, बोट जाईल एवढं भोक आणि खाली ताजा भुसा असेल तर तो भुंगा, काळा मोठा, गुणगुणत येणारा. खरं सुतारकाम आपल्याकडे तो करतो. बारीक पिठासारखी पूड आणि टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगेऱ्यांची कीड. आणि पावसाच्या पहिल्या झडीत दिव्यापाशी पंखवाले किडे आले तर एक उचलून बघा. कंबर बारीक, शिंगं कोपरासारखी वाकलेली, पुढचे पंख मोठे नि मागचे लहान, तर मुंगी. कंबरच नाही, शिंगं सरळ मण्यांच्या माळेसारखी, चारही पंख एका मापाचे आणि हात लावताच गळणारे, तर वाळवी. झाडून टाकायच्या आधी एवढं बघाच. आणि दांड्याने लाकूड ठोकून आवाज ऐका, त्याला ॲप लागत नाही.

डोंगळे नकोच असतील तर गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फांदी टेकली असेल तर ती फांदी तोडा. फांदी, झाड नव्हे.

अमेरिकेतल्या त्यांच्या एका चुलत बहिणीबद्दल जाता जाता सांगतो, कारण हे वाचून मी खरंच उठून बसलो होतो. कॅम्पोनोटस फ्लोरिडानस. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की या मुंग्या जखमी बहिणीचा पाय कापतात. जखम मांडीच्या भागात असेल तर चावून चावून पाय वेगळा करतात, खाली नडगीला असेल तर कापत नाहीत, चाटून साफ करतात. मांडीची जखम तशीच सोडली तर ४० टक्क्यांहून कमी जगायच्या, पाय कापल्यावर ९० टक्क्यांच्या वर. जखम कुठे आहे ते आधी बघतात आणि मग ठरवतात. माझ्यापेक्षा बरं डायग्नोसिस.

आमचा डोंगळा असं करतो असं मात्र मी म्हणणार नाही. आडनावावरून अंदाज बांधायची खोड मला महागात पडलीय.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. बोरीच्या खोडाला चारी बाजूंनी फुटवे आलेत, माझ्या खांद्याएवढे. बोर अशी मरत नाही म्हणे. कोवळ्या शेंड्यांवर डोंगळे चढायला लागलेत. आजी तिथे उभी होती. मी म्हणालो, "आजी, परत आले बघ."

ती म्हणाली, "गेलं कवा हुतं?"

चला, आज इतकंच. तुमच्याकडे याला मुंगळा म्हणतात, डोंगळा म्हणतात की आणखी काही, ते गावाच्या नावासकट मला नक्की पाठवा. पुढच्या भागात परत कोडिंग.